दिपिकाची पटाशी

पेणमध्ये म्हात्र्यांच्या ओटीवर गिटार बनतेय, याचं आळीत कुणाला फार नवल नव्हतं. पेणला ओट्यांवर काही ना काही घडतच असतं. कुणाकडे गणपतीचे हात सुकत असतात, कुणाकडे पोह्याचे पापड. त्यात हरेश म्हात्र्यांची दिपिका लाकूड तासत बसलेली दिसली, तर येणारीजाणारी माणसं एवढंच विचारायची, "झाली का गो तुझी सतार?"

"सतार नाय काकी, गिटार."

"तेच ते. वाजली म्हणजे झालं."

दिपिका हसायची आणि रंधा पुढे ढकलायची.

ती तेवीस वर्षांची होती. बी.कॉम. होऊन पेणमध्येच एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करत होती. गिटार वाजवायला ती मृणालीकडून शिकली. मृणाली तिची कॉलेजातली मैत्रीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. पण दर वेळी तिची गिटार मागून आणायची हे दिपिकाला रुचत नव्हतं, आणि दुकानात परवडणारी जी होती ती प्लायवुडची, डब्यासारखी वाजणारी. मग एक दिवस तिनं जेवताना जाहीर केलं, "मी माझी मीच बनवणार."

हरेश जेवत राहिला. तो रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता आणि घरात बोलण्याचं काम त्यानं लग्नापासूनच बायकोवर सोपवलं होतं. सगुणाच म्हणाली, "आधी हत्यारांचं बघ. सुतार काय नखांनी काम करतो?"

हत्यारांच्या मागे दिपिका वर्षभर फिरली. फिरली म्हणजे खरोखर फिरली. पेणच्या भंगारवाल्याकडे लोखंडाच्या ढिगात बसून तिनं एक छोटा रंधा शोधला. त्याचा दांडा तुटलेला होता, पण तळ काचेवर ठेवला तर डुगडुगत नव्हता. रोह्याला अब्बासभाईंचं फर्निचरचं दुकान होतं. ते बरीच वर्षं कुवेतला सुतारकाम करून परत आलेले. त्यांच्या अडगळीतून तिनं लाकूड कोरायच्या तीन जुन्या पटाश्या उचलल्या. अब्बासभाई म्हणाले, "अगं, नव्या घे की. ह्या गंजल्यात." ती म्हणाली, "चाचा, गंज दांड्याकडे हाय. पाठीला नाय. दांड्याकडचा गंज चालतो." त्यावर त्यांनी एक पैसाही घेतला नाही. लाकूड पकडून ठेवायचे महागडे शिकंजे घेण्याऐवजी तिनं सायकलची जुनी ट्यूब पट्ट्यापट्ट्यांनी कापली आणि गोंद लावलेले तुकडे त्यानंच करकचून बांधले. करवत सगुणाच्या माहेरची, मिठागरावर खोपी बांधताना वापरायचे ती.

हरेशला हे सगळं जरा लागलं. आपली पोर भंगारात हत्यारं शोधतेय, लोक काय म्हणतील. बोनस झाल्यावर त्यानं फोनवरून पटाश्यांचा एक नवा कोरा संच मागवला. पिवळेधमक दांडे, चकाकणारी पाती. दिपिका त्या दिवशी फार खूश झाली. पण आठवडाभरानं हरेशनं पाहिलं तर ती परत जुन्याच पटाशीनं काम करत होती.

"त्या नव्या?" त्यानं विचारलं.

दिपिकानं हातातली पटाशी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, त्यांचं लोखंड मऊ हाय. शिवणीच्या लाकडाला लावली की धार दुमडते. पण दांडे मस्त हायत." तिनं जुन्या पात्यांना ते नवे पिवळे दांडे बसवलेही होते. हरेशला हसू आलं. तोही मग कधीतरी ओटीवर तिच्याजवळ बसू लागला.

तिनं हे सगळं फोनवर चित्रित करून नेटवर टाकायला सुरुवात केली, तेव्हा फोन धरायचं काम हरेशकडे आलं. मराठीत असं सांगणारं कुणी नाही, ती म्हणायची. पैसे नाहीत म्हणून ज्यांना लाकूडकाम करता येत नाही, त्यांच्यासाठी करते. बघणारी माणसं मूठभरच होती. पण ती प्रत्येकाला उत्तर द्यायची.

धार लावण्याचा व्हिडिओ त्यातला सगळ्यात मोठा. त्यात ती मांडी घालून बसलेली आहे, पुढ्यात काचेचा जाड तुकडा, त्यावर पाण्यानं चिकटवलेला घासायचा वॉटर पेपर. ती सांगते, "भारीतला दगड नसेल तर नसू दे. सपाट काच आणि हे कागद पुरतात. आधी जाडा, मग बारीक, मग त्याच्याहून बारीक. पण पहिल्यांदा पटाशीची पाठ सपाट करा. जिची पाठ सपाट नाय तिला कितीबी घासा, धार येत नाय. ग्राइंडरच्या चाकावर नका धरू. पातं निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं. मग ती पटाशी गेली." मग ती धारेच्या उतारावर काळं मार्कर फासते आणि घासून दाखवते, की शाई जिथली निघाली तिथंच घासलं जातंय, जिथली राहिली तिथं अजून पोचायचंय. शेवटी हरेशच्या जुन्या पट्ट्याचं कातडं, लाकडावर ताणून बसवलेलं, त्यावर पातं मागे ओढायचं. आणि हे चालू असताना मध्येच ती फोनकडे बघून म्हणते, "बाबा, जवळ या ना. अजून जवळ. दिसायला पायजे."

मग चित्र हलतं, हरेश खोकतो, आणि पटाशीची धार जवळ येते.

पहिली गिटार तारा चढवल्यावर पोटातून फुगली आणि एक दिवस ओटीवर टाणकन फुटली. दिपिका अर्धा तास रडली, मग तुकडे सुटे करून बघत बसली की कुठं चुकलं. दुसरी तिनं सावकाश घेतली. हरेशच्या कंपनीत परदेशातून मशीन आलं होतं, त्याच्या खोक्याच्या फळ्या पांढऱ्याशुभ्र, सरळ रेषांच्या निघाल्या. त्यानं साहेबांना विचारून त्या बसच्या टपावर टाकून आणल्या. त्यातूनच गिटारची वरची फळी झाली. पाठ आणि बाजू शिवणीच्या. ते पोट तयार झालं, वरच्या फळीला आतून ताकदीच्या पट्ट्याही चिकटवून झाल्या. आता त्या पट्ट्या तासून हलक्या करायच्या, फळी पोटावर बसवून बंद करायची आणि गिटारचा दांडा जोडायचा, एवढं राहिलं होतं.

दांड्यावर बसवायला शिसवीची पट्टी हवी होती. ती अब्बासभाईंनी काढून ठेवली होती. गणपती नुकतेच उठले होते आणि पाऊस काही उठायचं नाव घेत नव्हता. दिपिका गाडीनं रोह्याला गेली. रस्त्यात गुडघाभर पाणी होतं. पट्टी छातीशी धरून, स्टेशनापासून पाण्यातून चालत ती घरी आली. काही दिवसांनी ताप भरला. साधाच वाटला. मग डोळे पिवळे झाले. पेणहून तिला पनवेलला हलवलं, तिथं डॉक्टर म्हणाले लेप्टो आहे, साचलेल्या पाण्यातून होतो, मूत्रपिंडं बंद पडतायत. त्यांनी शिकस्त केली. दिपिका गेली.

तिच्या पायाला, टाचेजवळ, पटाशीनं झालेला एक छोटा ओरखडा होता. तिथूनच लेप्टो शिरला असावा.

हरेश रडला नाही. पनवेलला नाही, घाटावर नाही, तेराव्याला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, येईल बाहेर. तो महिन्याभरात कामावर गेला. पाळीवर वेळेवर हजर, वेळेवर परत. ओटीवरची हत्यारं सगुणानं एका गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. त्या बाजूला दोघंही बघत नसत.

दिवाळीच्या आधी साफसफाई करताना हरेशनं ते गोणपाट उचललं. पावसाळ्याची ओल आणि खारेपाटाची खारट हवा. तिन्ही पटाश्यांवर गंज चढला होता. सगळ्यात बारीक पटाशी, जी ती सतत हातात धरायची, तिच्या पाठीवरही तांबूस ठिपके पडले होते.

तो तसाच बसला. गंज पाठीवर असेल तर पटाशी घ्यायची नाही, हे तिच्याकडून ऐकून ऐकून त्याला पाठ होतं. त्यानं खिशातून फोन काढला आणि धार लावण्याचा व्हिडिओ लावला. काच मांडली. कागद भिजवला. ती सांगत होती तसं करायला लागला.

त्या दिवशी दोन तास गेले. दुसऱ्या दिवशीही. पाठ सपाट झाली, गंज गेला, मग तो उताराकडे वळला. हात बसलेला नव्हता, धार वाकडी यायची, तो परत मार्कर फासायचा. आणि फोन चालूच. "बाबा, जवळ या ना. अजून जवळ."

आत चुलीशी सगुणा असायची. भाजी चिरताना तो आवाज भिंतीपलीकडून यायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं, पोर ओटीवर आहे. तेवढ्यापुरतं, डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आणि मग परत ती नाही. दुसऱ्या दिवशी परत आहे, परत नाही. दिवसातून दहादा पोर जन्मायची आणि दहादा मरायची.

एका संध्याकाळी ती विळीवरून उठून बाहेर आली.

"बंद करा तो फोन."

"धार शिकतोय," हरेश म्हणाला.

"माझ्यानं ऐकवत नाय. हात जोडते तुम्हाला. बंद करा."

"कानाला लावून ऐकतो."

"तुम्ही कानाला लावलात तरी मला ऐकू येतो!" सगुणा ओरडली. शेजारच्या ओटीवरचं बोलणं थांबलं. "तुम्हाला ती जवळ बोलावते. मला कोण बोलावतं? मी त्या वेळेला आत होते. सगळ्या व्हिडिओंत मी आतच हाय, कुकरच्या शिट्टीत."

हरेशनं फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हत्यारं, काच, ते उघडं पोट आणि पट्ट्या लावलेली फळी, सगळं चादरीत बांधलं आणि कामाला जाताना रोह्याला नेलं.

अब्बासभाईंनी चादर उघडून पाहिली आणि खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "त्या दिवशी मीच पट्टी पोचवायला पायजे होती, हरेशभाऊ."

"तुम्ही काय करणार," हरेश म्हणाला.

"पाऊस होता. मला दिसत होता ना पाऊस."

अब्बासभाईंनी खिडकीजवळचा एक कोपरा साफ करून दिला.

तेव्हापासून पहिली पाळी सुटली की हरेश कंपनीच्या बसमधून रोह्यात उतरायचा, दुकानात दोनअडीच तास बसायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं पेणला जायचा. गाडी निडीला, नागोठण्याला थांबत जायची. घरी सगुणा विचारायची, "किती राहिली?" तो म्हणायचा, "होतेय." तिनं फळी बघायला मागितली नाही, त्यानं दाखवली नाही. थंडी गेली. शिमगा झाला. सगुणाला वाटत होतं, आता गिटार होत आली असेल.

गिटार जिथल्या तिथं होती. हरेश रोज फक्त धार लावायचा.

अब्बासभाई सुरुवातीला काही बोलले नाहीत. नवशिक्याला वेळ लागतोच. पण हरेशचा हात लवकर बसला. हिवाळ्यातच पटाशी अशी झाली होती की मनगटावरून फिरवली तर केस अलगद सुटून यायचे. मऊ लाकडाच्या आडव्या तोंडावर चालवली तर लोण्यासारखी जायची. तरी तो दुसऱ्या दिवशी येऊन परत जाड्या कागदापासून सुरू करायचा. कानात इअरफोन. काचेवर पातं पुढे-मागे. एका ठिकाणी थांबून फोनवर बोट मागे सरकवायचा, परत ऐकायचा.

एप्रिलात एक दिवस अब्बासभाईंनी ती पटाशी हातात घेतली आणि तिच्याच जोडीची दुसरी पटाशी तिच्याशेजारी धरली. चांगली पेरभर आखूड झाली होती.

"हरेशभाऊ," ते म्हणाले, "धार कधीच आली. आता तुम्ही लोखंड खाताय."

हरेशनं इअरफोन काढले.

"अजून थोडे महिने असंच चाललं तर हातात नुसता दांडा राहील," अब्बासभाई म्हणाले. "लाकडाला कधी लावणार?"

"लावतो."

"कधी?"

हरेशनं पटाशी परत घेतली. "कागद बदलतो," तो म्हणाला आणि पाण्याचा डबा आणायला उठला.

अब्बासभाईंनी त्याच दिवशी सगुणाला फोन केला.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिला बघून हरेश उभाच राहिला. घरच्या साडीवरच आली होती, पिशवी नाही, काही नाही. अब्बासभाईंनी तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. ती बसली नाही. खिडकीजवळ जाऊन तिनं पाहिलं, शिवणीचं ते पोट तसंच उघडं, त्यात भुस्सा साचलेला. काचेवर काळं पाणी. आणि आखूड झालेली पटाशी.

"मला तुम्ही होतेय म्हणून सांगत होतात," ती म्हणाली.

"सगुणा..."

"शिमगा झाला. मी रोज विचारतेय. तुम्ही रोज होतेय म्हणताय."

हरेशनं भिंतीला टेकवलेली पांढरी फळी उचलली आणि उलटी करून तिच्यापुढे धरली. आतल्या बाजूला सात-आठ पट्ट्या चिकटवल्या होत्या, काही उभ्या, काही तिरक्या. प्रत्येक पट्टीवर शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या. बाण काढलेले. शब्द लिहिलेले.

"ह्या पट्ट्या तासायच्या हायत," तो म्हणाला. "कुठं किती, ते तिनं लिहून ठेवलंय. तसंच तासलं पायजे, नायतर वाजायची नाय. पण तसं तासलं तर..." त्यानं बोटानं दाखवलं. "वरून तासायचं ना. तिचं अक्षर जाईल."

सगुणा खुणांकडे बघत राहिली.

"फोटो काढलात?"

"काढलेत. खूप काढलेत." त्यानं तिचा हात धरला आणि तिचं बोट पट्टीवर फिरवलं. "ती पेन्सिल दाबून लिहायची. हे बघ. हाताला लागतंय. फोटोत लागत नाय."

सगुणानं हात काढून घेतला नाही. तिला वाचायला वेळ लागायचा. ती एकेका शब्दावरून बोट नेत, पहिलीतल्या मुलासारखं मोठ्यानं वाचू लागली. "कमी. इथून कमी. अजून... अजून कमी." मध्ये जिथं पट्ट्या एकमेकींना छेदत होत्या तिथं गोल करून लिहिलं होतं. तिनं ते वाचलं. "बस."

आणि ती तिथंच, भुशात, खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडली. अब्बासभाई दुकानाच्या दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. हरेश फळी धरून उभा होता. ती खाली ठेवावी, बायकोजवळ बसावं, हेही त्याला सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळानं सगुणानं तोंड पुसलं.

"माझ्यानं तिचा आवाज ऐकवत नाय," ती म्हणाली, "आणि तुमच्यानं तो सुटत नाय. असं किती दिवस करायचं? ती काय करायचं ते लिहून गेलीय. करा."

"आत्ता?"

"आत्ता. मी हाय तवर करा. मी गेले की तुम्ही परत त्या काचेवर बसाल."

अब्बासभाईंनी टेबल मोकळं केलं, खाली जुनं ब्लँकेट अंथरलं. फळी त्यावर उलटी ठेवली. सगुणानं दोन्ही हातांनी ती दाबून धरली. हरेशनं पटाशी घेतली. पहिल्या बाणापाशी नेली, परत उचलली, परत नेली. मग ढकलली.

पटाशी इतकी धारदार होती की आवाजच झाला नाही. कागदाहून पातळ साल गुंडाळत वर आली आणि बाजूला पडली. तिच्या पाठीवर 'क' होता, अर्धा.

हरेश थांबला.

"थांबू नका," सगुणा म्हणाली.

तो तासत गेला. बाण गेले. 'कमी' गेलं. 'अजून कमी' गेलं. सगुणा बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात तिनं काढले नाहीत. अब्बासभाई अधूनमधून फळी उचलून कानाशी धरत, बोटानं टिचकी मारून ऐकत आणि मान हलवत. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं. शेवटची एक पट्टी राहिली, जाड तारांच्या बाजूची. तिच्यावर सगळ्यात जास्त लिहिलेलं होतं, कारण तिथं दिपिकानं एकदा लिहून, खोडून, परत लिहिलं होतं.

हरेशनं पटाशी टेकवली आणि सगुणानं आपला हात पट्टीवर ठेवला.

"ही राहू दे."

हरेश तिच्याकडे बघू लागला.

अब्बासभाई हळूच म्हणाले, "वहिनी, तिकडं जाड राहिली तर आवाज दबेल."

"दबू दे," सगुणा म्हणाली.

अब्बासभाईंनी पोटातला भुस्सा कुंचल्यानं काढला. कडेला गोंद लावला. हरेशनं आणि सगुणानं मिळून फळी पोटावर बसवली, ती लिहिलेली बाजू आत, आणि तिघांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या तिच्याभोवती गुंडाळून ताणून बांधल्या. साली सगुणानं गोळा केल्या नाहीत. अब्बासभाईंनी त्या झाडल्या नाहीत. त्या तशाच टेबलाखाली पडून राहिल्या आणि दोघं गाडीला निघाली.

पुढचं काम मे महिन्यात झालं. अब्बासभाईंनी दांडा जोडायला मदत केली. शिसवीची पट्टी बसली. तारा मात्र कुणालाच नीट लावता येईनात, म्हणून एका रविवारी हरेश आणि सगुणा गिटार घेऊन मृणालीच्या घरी गेली.

मृणालीनं ती मांडीवर घेतली. तिनं तारा चढवल्या, एकेक खुंटी पिळत सूर लावला. मग वाजवायला लागली. काय वाजवलं ते दोघांना कळलं नाही. पण आवाज डब्यासारखा नव्हता. बारीक तारांचा सूर स्वच्छ, लांब जाणारा होता. सगुणा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती.

मृणालीनं जाड तारा छेडल्या, परत छेडल्या, आणि कपाळाला आठी घातली. "काका, ह्या बाजूला जरा..." ती अडखळली. "आवाज दबतोय जरा. पण करता येतं ते. मुंबईला माझ्या ओळखीचे एक आहेत, ते भोकातून हात घालून आतली पट्टी तासतात. उघडावी लागत नाही."

"नको गो," सगुणा म्हणाली.

"काकी, अर्ध्या तासाचं काम असतं..."

"नको म्हटलं ना. आम्हाला माहीत हाय ते. राहू दे तसंच."

मृणालीनं हरेशकडे पाहिलं. त्यानंही मान हलवली. मग ती गिटार छातीशी धरून बसली आणि रडू लागली. सगुणानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

निघताना हरेश म्हणाला, "तूच ठेव. आमच्याकडं कोण वाजवणार? नुसती भिंतीला लटकेल."

"काका, नको, तुमची आहे ती..."

"तूच तिला शिकवलंस. वाजवत जा. दमट हवेत ठेवू नको, तारा सैल करून ठेव." तो आयुष्यात एका दमात इतकं क्वचितच बोलला असेल. सगुणानं गिटारच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि पायऱ्या उतरली.

रविवारचा बाजार भरला होता. मच्छी मार्केटकडून माणसं येत होती, पुढच्या हंगामाच्या गणपतींचे कोरे साचे टेम्पोतून उतरत होते. दोघं गर्दीतून चालली होती. हरेशचे हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. एकदा त्यानं ते पाठीमागे घेतले, एकदा खिशात घातले.

चालता चालता तो थांबला.

"काय झालं?" सगुणानं विचारलं.

"सगुणा," तो म्हणाला, "उद्या पहिली पाळी हाय. तीन वाजता सुटेन. मग कुठं जाऊ?"

आणि तो रडू लागला. भर बाजारात, भाजीच्या गाड्यासमोर, मोठ्यानं, लहान मुलासारखा. भाजीवाल्यानं वजन करायचं थांबवलं. ओळखीची दोनतीन माणसं पुढे आली आणि काय करावं न कळून तिथंच थांबली. सगुणानं त्याच्या दंडाला धरलं. तिला तो आवाज नवा होता. इतक्या वर्षांत तिनं त्याला असं रडताना ऐकलं नव्हतं.

"घरी या," ती म्हणाली. "सुटलात की सरळ घरी या. मी हाय घरी."

तिनं त्याला रस्त्याच्या कडेला घेतलं. तो रडायचा थांबला नाही, आणि तिनंही त्याला थांबवलं नाही.